मोहरा पडतो तेव्हा

मंडळी, फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू उभा राहतो. पण अमेरिकेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसराच चेंडू येतो. तो दोन्ही टोकांना निमुळता, लांबट नारळासारखा असतो. तो हातात धरून पळायचे, हाताने फेकायचे. पायाचे काम त्यात थोडेच. आज त्या खेळाविषयी, आणि खरे सांगायचे तर तो बघणाऱ्या माणसांविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत. संघाचा मुख्य गडी वर्षभरासाठी जायबंदी झाला म्हणजे ही माणसे काय करतात, हा आजचा विषय.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. मैदानात प्रत्येक बाजूचे ११ गडी असतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार खेपा मिळतात. नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. असे करीत करीत पलीकडच्या टोकाची रेघ चेंडू घेऊन ओलांडली की गुण मिळतात. आता जवळजवळ प्रत्येक खेपेला चेंडू पहिल्याने एकाच गड्याच्या हातात येतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा, की आपणच घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा पाडायला धावून येतात. नांगराला बैल कितीही चांगले असोत, रुमणे धरणारा हात एकच असतो. तसेच हे.

त्यात आणखी एक गोष्ट अशी, की हा खेळ वर्षभर चालत नाही. तिथल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघाला साखळीचे १७ सामने मिळतात, सहसा आठवड्याला एक. सप्टेंबरात सुरुवात, जानेवारीत बाद फेरी, फेब्रुवारीत अंतिम सामना. मग पुढचे सहा-सात महिने नुसती वाट बघायची. म्हणून सप्टेंबरातच क्वार्टरबॅक पडला, तर गावोगावच्या चाहत्यांची गत पेरणी होऊन पाऊस दडी मारून बसावा तशी होते.

तारीख होती ११ सप्टेंबर २०२३. ठिकाण न्यू जर्सीतले ईस्ट रदरफोर्ड. या राज्यात आपली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. संघ न्यूयॉर्क जेट्स. या संघाने अंतिम विजेतेपद मिळवले ते एकदाच, १९६९ च्या जानेवारीत; आणि बारा वर्षांत बाद फेरीचेही तोंड पाहिले नव्हते. यंदा मात्र त्यांनी ॲरन रॉजर्स या नामांकित क्वार्टरबॅकला आणले होते. वय ३९, पण चार वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. त्या संध्याकाळी तो राष्ट्रध्वज हाती घेऊन धावत मैदानात आला, तेव्हा क्रीडांगण नुसते दुमदुमून गेले.

आणि चौथ्या खेपेला तो पडला. उठून उभा राहिला खरा, पण लगेच परत खाली बसला. डाव्या पायाची घोडशीर तुटली होती. घोडशीर म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी जाड दोरी. ती तुटली की टाच उचलून पाऊल पुढे रेटता येत नाही, आणि सांधून पूर्ववत व्हायला बहुधा कित्येक महिने लागतात. इतका गजबजाट होता तिथे, आणि एकदम सारे चिडीचूप झाले.

म्हाताऱ्या चाहत्यांना तर जुनी जखम आठवली. १९९९ च्या सप्टेंबरात, याच गावी, वर्षाच्या पहिल्याच सामन्यात, याच संघाचा क्वार्टरबॅक विनी टेस्टाव्हर्डी असाच पडला होता, आणि त्याचीही घोडशीरच तुटली होती. आदल्या वर्षी तो संघ अंतिम सामन्यापासून एकच पायरी दूर राहिला होता. 'तेच ते जुने जेट्स' असे म्हणून स्वतःलाच हसण्याची त्या चाहत्यांची रीत आहे. दुःख झाकण्याची ही रीत आपल्याही ओळखीची आहे, नाही का?

आता गंमत पाहा. त्याच रात्री जेट्सनी सामना जिंकला! झॅक विल्सन हा बदली क्वार्टरबॅक सांभाळून खेळला, बचाव करणाऱ्यांनी समोरच्या बफेलो संघाचा चेंडू पुन्हा पुन्हा हिसकावला, आणि जादा वेळात झेव्हिअर गिप्सन नावाच्या नवख्या पोराने ६५ यार्ड पळत जाऊन निकाल लावला. पण दोन आठवडे गेले, पराभव होऊ लागले, आणि चाहत्यांचा सारा राग त्या विल्सनवर निघाला. १९६९ चा विजयवीर जो नेमथ, त्यानेही जाहीरपणे त्याला नावे ठेवली. वर्षअखेर ७ विजय, १० पराभव. पुढच्या वर्षी, २०२४ साली, रॉजर्स बरा होऊन परतला आणि सतराही सामने खेळला. तेव्हा विजय किती? पाच! म्हणजे ज्याच्यावाचून सारे बुडाले असे लोक म्हणत होते, तो आल्यावर आणखी दोन विजय कमीच झाले.

दुसरी गोष्ट फिलाडेल्फिया शहराची. तिथला संघ ईगल्स. १० डिसेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसच्या सामन्यात त्यांचा तरुण क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याच्या गुडघ्यातला बंध तुटला. संघाने तोवर बारापैकी दहा सामने जिंकले होते. शहरावर शोककळा पसरली. जागा घेतली निक फोल्सने. हा गडी आदल्याच वर्षी खेळ सोडून देण्याच्या विचारात होता. साखळीच्या अखेरच्या दोन सामन्यांत त्याचा खेळ फिका पडला, तेव्हा लोकांनी आशाच सोडली. बाद फेरीत प्रत्येक सामन्याआधी जाणकारांनी ईगल्सना दुबळे ठरवले.

इंग्रजीत दुबळ्या समजल्या जाणाऱ्या बाजूला 'अंडरडॉग' म्हणतात. त्या शब्दात कुत्रा आहे. पहिला सामना जिंकल्यावर संघातल्या दोघांनी रबरी कुत्र्याचे मुखवटे तोंडावर चढवले. झाले! पुढच्या सामन्याला प्रेक्षकांत जिकडे पाहावे तिकडे कुत्र्याची तोंडे. ज्या शब्दाने आपल्याला हिणवले, तोच लोकांनी डोक्यावर घेतला. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी ईगल्सनी अंतिम सामना ४१-३३ असा जिंकला, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला तो बदली गडी फोल्स. आज त्या क्रीडांगणाबाहेर त्याचा आणि शिक्षकाचा, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकाचा, पुतळा उभा आहे.

तिसरी गोष्ट सांगायला जीभ अडखळते, पण सांगितली पाहिजे. २००८ च्या सप्टेंबरात, वर्षाच्या पहिल्याच सामन्यात, न्यू इंग्लंड संघाचा थोर क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी गुडघा मोडून पडला. समोरचा संघ होता कॅन्सस सिटीचा. ब्रेडीच्या जागी मॅट कॅसल आला. शाळा सुटल्यापासून त्याने एकाही सामन्याला सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून खेळ केला नव्हता! तरी त्याने सोळापैकी अकरा सामने जिंकून दिले, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी त्याला आपल्याकडे घेतले ते कॅन्सस सिटीनेच. तिथे काही काळ बरा गेला, मग ओहोटी लागली. ७ ऑक्टोबर २०१२ रोजी डोक्याला मार बसून तो आपल्याच मैदानात पडला, तेव्हा आपल्याच काही प्रेक्षकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. आता दुसरा कुणी येईल, हा तो आनंद! त्याचा सोबती एरिक विन्स्टन सामन्यानंतर संतापून म्हणाला, की आम्ही काही रोमच्या आखाड्यातले झुंजार नव्हे, आम्ही माणसे आहोत. त्या दिवशी त्याने आपल्याच चाहत्यांना चारचौघांत खडसावले.

पाहा, माणूस तोच. तो बदली म्हणून आला तेव्हा टाळ्या, आणि पडला तेव्हाही टाळ्याच. मध्ये फक्त चार वर्षे गेली.

मंडळी, कुठला गडी कसा, हे खेळात कळते. पण लोक कसे आहेत, हे गडी पडतो त्या घटकेला कळते. मुख्य गडी गेल्याचे दुःख खोटे नसते. वाट पाहणाऱ्याने रडावे, चिडावे, स्वतःलाच हसावे. त्यात काही वावगे नाही. पण मोहरा पडला म्हणून डाव मोडत नाही. पटावर उरलेली प्यादी असतात, आणि बाकावरून उठून येणारा एक घाबरलेला गडी असतो. त्याला आपल्याकडून काय मिळते, ते महत्त्वाचे.

शाळेतल्या गुरुजींनो, हे तुमच्याच अंगणात दिसेल. कबड्डीच्या सामन्यात तुमचा चढाई करणारा पोरगा गुडघा धरून बसेल. तेव्हा मुलांना दोनच गोष्टी सांगा. त्याला उचलून बाहेर नेईपर्यंत, तो आपला असो की समोरचा, कुणी ओरडायचे नाही. आणि मग जो राखीव पोरगा चड्डी सावरत आत येईल, त्याला नावाने हाक मारायची. मोठ्याने, अगदी शेवटच्या रांगेतूनही.