फांदी किती छाटावी?

पावसाळा तोंडावर आला, की अंगणात मोठे झाड असलेली मंडळी त्याच्याकडे साशंकतेने पाहू लागतात. गेल्या वर्षी अडाजणमधील एका मराठी कुटुंबाने सल्ल्यासाठी बोलावले, ते याच काळजीपोटी. त्यांच्या जुन्या राजापुरी आंब्याची एक जाड फांदी छपरावर आली होती. १७ मे २०२१ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलेल्या तौक्ते वादळाचे वारे सुरतेपर्यंत पोचले होते. ती आठवण चिरंजीवांच्या मनात ताजी होती. “निम्मे झाड उतरवा,” असे ते म्हणत. आजींचे म्हणणे, “ह्यांनी लावलेले झाड आहे. पानालाही हात लावू नका.”

दोघांनाही मी एकच सांगितले : किती छाटायचे, हे कशासाठी छाटायचे यावर ठरते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व बांडगूळ धरलेल्या फांद्या प्रथम काढाव्यात. हिरवा पर्णभार मात्र एका वर्षात चौथ्या हिश्शाहून अधिक कमी करू नये. वृद्ध झाडाचा तर त्याहूनही कमी. झाडाचे अन्न पानांत तयार होते. निम्मी पाने गेली, की झाड साठवणीवर जगते, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते आणि कापलेल्या टोकांशी घाईने फुटवे येतात. त्यांचा जोड कच्चा असल्याने पुढे वादळात तेच आधी मोडतात. भीतीपोटी शेंडा उडवणारा माणूस धोका टाळत नाही, पुढे ढकलतो.

जाड फांदी कापताना बुंध्यापासून हातभर अंतरावर आधी खालून, मग थोडे पुढे वरून करवत चालवावी, म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून कापावा. त्या फुगवट्यातूनच झाड नवे लाकूड वाढवून जखम झाकून घेते. जखमेवर डांबर फासू नये.

आंब्याची नेहमीची छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी. मोहोर नव्या शेंड्यांवर येतो. दिवाळीच्या सुमारास छाटल्यास तो बहर हातचा जातो. धोक्याची फांदी मात्र थांबत नाही.

म्हणून अडाजणला त्या फांदीवरील कैऱ्या आधी लोणच्यासाठी उतरवून घेतल्या, फांदी मागच्या उपफांदीपर्यंत आखूड केली आणि बाकीचे पुढील वर्षावर सोपवले. करवतीच्या आवाजाने आजी आत निघून गेल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी बाहेर येऊन एवढेच पाहिले, की सावली अजून ओट्यापर्यंत येते ना. येत होती.