आयरिश कंपनीच्या संचालकाला किती संरक्षण?

ॲक्सेंचरचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जातात, तिचे हजारो कर्मचारी पुण्या-मुंबईत आहेत. पण कायद्याने ती आयर्लंडची कंपनी. म्हणून तिच्यावर तिथला २०१४ चा कंपनी कायदा चालतो.

या कायद्याचे कलम २३५ मला फार महत्त्वाचे वाटते. हलगर्जीपणा, कर्तव्यभंग किंवा विश्वासभंग यांतून संचालकावर जी जबाबदारी येते, तिच्यातून कंपनीने त्याला आधीच मुक्त करणे किंवा ती भरून देण्याचे वचन देणे, दोन्ही रद्दबातल ठरते. खटला लढवून संचालक जिंकला, निर्दोष सुटला किंवा न्यायालयाने त्याला माफी दिली, तर मात्र बचावाचा खर्च कंपनी देऊ शकते. त्याच्यासाठी विमा काढायलाही मुभा आहे. अमेरिकेत, विशेषतः डेलावेअरमध्ये, याहून बरीच सैल हमी चालते. त्यामुळे अमेरिकी बाजारात नोंदलेल्या अनेक आयरिश कंपन्या ही हमी आयर्लंडबाहेरच्या उपकंपनीकडून देववतात. वाट कायदेशीर आहे, पण गुंतवणूकदाराने ती माहितीपत्रकात शोधून वाचलीच पाहिजे.

नवे शेअर काढतानाही संचालकांचे हात मोकळे नसतात. त्यासाठी भागधारकांची किंवा कंपनीच्या घटनेची परवानगी लागते आणि ती एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची. रोखीने विकायचे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करावे लागतात. हा हक्क बाजूला ठेवायचा तर साधारणपणे ७५ टक्के मतांचा विशेष ठराव हवा. कर्मचारी योजनेतल्या शेअरना ही अट नाही.