यानातली डिस्क वाचली, मग फोनमधला फोटो का नाही?

बारशाचे सगळे फोटो चुकून डिलीट झाले, ट्रॅशही रिकामा केला, आता ते जाहिरातीतलं ‘रिकव्हरी ॲप’ घ्यावं का, अशी विचारणा सुट्ट्या आणि लग्नसराई आटोपली की हटकून होते. उत्तर आधीच देऊन टाकतो: घेऊ नये. कारण सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल, थेट अंतराळातून.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे यान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात, सुमारे साठ किलोमीटर उंचीवर तुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. यानाचे तुकडे पुढे महिनोन्‌महिने गोळा होत राहिले. सहाएक महिन्यांनी आटलेल्या एका तळ्याच्या तळाशी धातूचा जळका, तडकलेला ठोकळा सापडला. ती एक हार्ड डिस्क होती. क्षमता अर्ध्या जीबीहूनही कमी. झेनॉन वायू क्रांतिक बिंदूजवळ ढवळला तर त्याचा दाटपणा कमी होतो का, हे पाहणाऱ्या प्रयोगाची मोजमापं तिच्यावर होती. काही आकडे उड्डाण चालू असतानाच रेडिओवरून खाली आले होते, बाकीचे या डिस्कबरोबर गेले असंच सगळ्यांनी धरलं होतं.

ती डिस्क अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये डेटा परत मिळवून देणाऱ्या एका कंपनीत, जॉन एडवर्ड्‌स या अभियंत्याच्या टेबलावर आली. सील जळून आत धूळ गेली होती, पण आतल्या चकत्या वाकल्या नव्हत्या. त्यांनी त्या रसायनाने धुतल्या, नव्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि ९९ टक्के मजकूर बाहेर काढला. प्रयोगाचा निबंध २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात छापून आला. झेनॉनचा दाटपणा खरोखरच कमी होत होता!

एडवर्ड्‌स यांच्या कौशल्याला दाद द्यायलाच हवी, पण अर्धं श्रेय डॉस या म्हाताऱ्या प्रणालीचं आहे. प्रयोगाचा संगणक डॉसवर चालत होता आणि डॉस माहिती विखरून टाकत नाही, ओळीने लिहीत जाते. डिस्क निम्मीच भरली होती आणि चकत्यांना खड्डे पडले होते ते नेमके कोऱ्या भागात.

या डॉसची डिलीट करण्याची पद्धतही अशीच साधीसुधी होती. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण ठेवायची, तिची जागा मोकळी आहे अशी नोंद करायची, संपलं. मजकूर जिथल्या तिथे. पीटर नॉर्टन यांनी हे हेरलं आणि १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या त्यांच्या साधनसंचात पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम दिला. फाइलचं पहिलं अक्षर काय होतं, असं तो प्रोग्रॅम तुम्हालाच विचारायचा, कारण नावातलं तेवढंच गेलेलं असायचं. या एका सोयीवर नॉर्टन यांचं नाव घरोघरी पोचलं, आणि ‘डिलीट केलेलं कधीच जात नाही’ ही समजूतही तेव्हापासूनच रुजली. समजूत चुंबकीय डिस्कच्या जमान्यात खरी होती. जमाना बदलला, समजूत तशीच राहिली.

फोनमध्ये फिरती चकती नसते, फ्लॅश मेमरी असते. तिच्या मुळाशी आहे १९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी सुचवलेला ट्रान्झिस्टर: चारही बाजूंनी विद्युतरोधकात गुंडाळलेला वाहकाचा एक कप्पा, त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. लक्षात ठेवण्याचा प्रश्न तिथे सुटला. पुसण्याचा सुटला नव्हता. एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसायचा तर प्रत्येक पेशीला जास्तीची जोडणी लागे, चिप मोठी आणि महाग होई.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी प्रश्नच उलटा केला. एकेक बाइट पुसायचा हट्ट कशाला? गठ्ठ्याने पुसू! ही कल्पना त्यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली, आणि १९८७ मध्ये तिचं नँड हे आणखी दाट रूप आणलं. आज तुमच्या फोनमधले फोटो, गाणी आणि बँकेची ॲप राहतात ती याच नँडमध्ये. म्हणजे या माणसाचा खरा शोध साठवण्याचा नाही, पुसण्याचा आहे. तोशिबाला त्याची किंमत लवकर कळली नाही. बाजारात पहिली झेप घेतली ती इंटेलने. मासुओका १९९४ मध्ये कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात शिकवायला गेले. २००४ मध्ये त्यांनी आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी जुन्या कंपनीवर शंभर कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर पेन ड्राइव्हपासून डेटा सेंटरपर्यंत अवघा धंदा उभा आहे, त्याचे हे पैसे. स्टीव्ह जॉब्जचं चरित्र वाचलेली मुलं पावलोपावली भेटतात. मासुओका हे नाव मात्र मी संगणक शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही क्वचितच ऐकलं आहे.

गठ्ठ्याने पुसण्याचा परिणाम असा, की फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. सारवलेल्या अंगणात काढलेल्या रांगोळ्यांसारखं हे आहे. मधलीच एक बदलायची झाली तर तेवढीच खोडता येत नाही, सगळं अंगण पुन्हा सारवावं लागतं. आणि ज्या रांगोळ्या हव्या आहेत त्या आधी शेजारच्या कोऱ्या अंगणात उतरवून घ्याव्या लागतात. शिवाय सारवण्यालाही मर्यादा आहे. एका पेशीत तीन बिट कोंबणाऱ्या आजच्या चिप साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसल्या की थकतात. म्हणून चिपशेजारचा नियंत्रक सगळ्या गठ्ठ्यांना पाळीपाळीने वापरतो, मजकूर इकडचा तिकडे हलवत राहतो आणि कोणता तुकडा सध्या कुठे आहे याचा नकाशा स्वतःपाशी ठेवतो. या उलाढालीत नको असलेला मजकूर उगाच वाहून नेऊ नये, यासाठी फोन नियंत्रकाला कळवतो की गठ्ठ्यातली अमुक पानं आता कामाची नाहीत. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आहे. फोन चार्जिंगला लावून तुम्ही झोपलात की हे काम निवांत उरकलं जातं. सकाळी उठून ‘परत आणता येईल का’ असं विचारेपर्यंत नियंत्रकाने त्या पानांवरचा हक्क सोडलेला असतो.

त्यातूनही काही कण उरले, तर ते सांकेतिक रूपात असतात. आयफोनमध्ये प्रत्येक फाइलची वेगळी किल्ली असते. अँड्रॉइडमध्ये फाइलनिहाय कुलपं ७.० या आवृत्तीपासून आली आणि १० या आवृत्तीसह येणाऱ्या नव्या फोनना ती सक्तीची झाली. फाइल गेली की तिची किल्ली जाते. मागे उरतो तो निव्वळ गोंगाट. चिप उखडून प्रयोगशाळेत थेट वाचली तरी त्यातून फोटो निघत नाही.

ही तटबंदी उगाच उभी राहिली नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे २१ जुने फोन तपासले. ‘फॅक्टरी रीसेट’ करूनही त्यांतून आधीच्या मालकांचे संदेश आणि खात्यांच्या किल्ल्या निघाल्या. असे पन्नास कोटींपर्यंत फोन लोकांच्या हातात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आज फोटो परत येत नाही म्हणून आपण चडफडतो, पण तोच फोन उद्या एक्स्चेंजमध्ये देताना मात्र निर्धास्त असतो. दोन्हींचं कारण एकच.

मग पोलिसांना आरोपीचे ‘डिलीट केलेले चॅट’ कसे मिळतात? चॅट ही स्वतंत्र फाइल नसते, एका मोठ्या डेटाबेसमधली ओळ असते. ओळ काढली तरी डेटाबेसची फाइल जिवंत असते, तिची किल्लीही शाबूत असते, आणि काढलेल्या ओळी तिच्या मोकळ्या पानांत काही काळ रेंगाळतात. फोन उघडता आला तर त्या वाचता येतात. पुष्कळदा तर तेच चॅट समोरच्याच्या फोनवर किंवा बॅकअपमध्ये मिळतं. त्यात जादू काही नाही. मे २०२४ मध्ये आयफोनच्या १७.५ या अपडेटनंतर काही लोकांना कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेले फोटो गॅलरीत पुन्हा दिसले, तेव्हाही खुलासा असाच होता: डेटाबेस बिघडला होता, म्हणजे नोंद गेली होती आणि फाइल राहिली होती.

आता ती ॲप. साध्या फोनवर कोणत्याही ॲपला चिपवरचा कच्चा मजकूर वाचायची मुभाच नसते. अस्तित्वात असलेल्या फाइलीच त्याला दिसतात. म्हणून ते गॅलरीने करून ठेवलेल्या टिचभर प्रतिकृती, व्हॉट्सॲपच्या फोल्डरातल्या प्रती असं काहीबाही गोळा करतं, ‘शेकडो फोटो सापडले’ म्हणून नाचतं आणि पूर्ण पाहायचे तर पैसे भरा म्हणतं. वर सगळ्या फाइली वाचायची परवानगी आपणच त्याला दिलेली असते.

त्यापेक्षा खरे उपाय अगदी साधे आहेत. गूगल फोटोजचा ट्रॅश बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ठेवतो, आयफोनचा ३० दिवस. वेबसाइटवरून खातं उघडूनही एकदा पाहावं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोन वाजता फोनमध्येच बॅकअप घेतं आणि आठवडाभराचे जपून ठेवतं. आणि बारशाला आलेल्या कोणी ना कोणी ते फोटो पाठवून घेतलेलेच असतात.

नॉर्टनचा जमाना आजही जिथे टिकून आहे अशी एक जागा उरली: मेमरी कार्ड. कॅमेऱ्यात किंवा जुन्या फोनमध्ये कुलूप न लावलेलं कार्ड असेल, तर ते लगेच बाहेर काढावं आणि त्यावर नवं काही लिहू नये. प्रत्येक जेपेग फोटो एफएफ डी८ या दोन बाइटांनी सुरू होतो आणि एफएफ डी९ ने संपतो. फ्रान्सच्या क्रिस्टोफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ हा प्रोग्रॅम नाव, तारीख, फोल्डर यांकडे ढुंकूनही न पाहता कार्डावर अशाच खुणा शोधत जातो. तो फुकट आहे, त्यामुळे त्याची जाहिरात करण्यात कोणाला रस नाही. सापडलेले फोटो मात्र संगणकावर उतरवून घ्यावेत. त्याच कार्डावर साठवले तर अजून न सापडलेले त्यांच्याखाली गाडले जातील.