थंडगार धूमकेतूचे क्ष-किरण

मोडलेल्या हाडाचे चित्र क्ष-किरणांनी घेतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आकाशातून येणारे असे किरण बहुधा लाखो अंश तापलेल्या वायूतून निघतात. मग बर्फ आणि धूळ यांचा गोळा असलेला धूमकेतू क्ष-किरण सोडील का?

जानेवारी १९९६ मध्ये जपानच्या युजी ह्याकुताके यांनी एक धूमकेतू शोधला. मार्चअखेर तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवर आला. २७ मार्चला रोसॅट या जर्मन उपग्रहाने आपली क्ष-किरण दुर्बीण त्याच्याकडे वळवली, आणि काय आश्चर्य! धूमकेतूच्या सूर्याकडील बाजूस क्ष-किरणांची कोर दिसली. सूर्याचेच क्ष-किरण तेथून परतत असावेत म्हणावे, तर ही कोर त्या मानाने फारच प्रखर होती.

हे कोडे १९९७ मध्ये थॉमस क्रेव्हन्स यांनी उलगडले. सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असते. तेथील धक्काबुक्कीत अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात. ऑक्सिजनच्या आठांपैकी सहा-सात इलेक्ट्रॉन जातात. अशा लुटलेल्या अणूला उच्चभारित आयन म्हणतात. सौरवात या आयनांना सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने दूरवर वाहून नेतो.

वाटेत धूमकेतू भेटतो. सूर्याच्या उष्णतेने त्याच्या बर्फाची वाफ होऊन ती भोवती पसरलेली असते. आयन पाण्याच्या रेणूजवळून जाता जाता त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. हा इलेक्ट्रॉन एकदम आतल्या कक्षेत जात नाही, तो बाहेरच्या कक्षेत अडकतो. मग जिन्याच्या पायऱ्या उतरावे तसा आत घसरतो. साध्या अणूत बाकीचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राचे आकर्षण बाहेर फारसे जाणवू देत नाहीत. येथे आड येणारे कोणी जवळजवळ नसतेच! त्यामुळे शेवटची पायरी फार खोल असते आणि तेथून पडताना दृश्य प्रकाशाच्या शेकडोपट ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो.

हे खरे कशावरून? प्रत्येक आयनाच्या पायऱ्या ठरलेल्या, म्हणून त्याच्या क्ष-किरणांची ऊर्जाही ठरलेली. जुलै २००० मध्ये चंद्रा या अंतराळ-दुर्बिणीने लिनिअर नावाच्या धूमकेतूचे क्ष-किरण तपासले. त्यांत ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या उच्चभारित आयनांच्या खुणा स्पष्ट आढळल्या.

म्हणजे ऊर्जा सूर्याची, धूमकेतूने दिला फक्त इलेक्ट्रॉन! आता शास्त्रज्ञ याच किरणांवरून सौरवातात कोणते आयन आहेत, हे ओळखतात. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या सूर्याची बातमी एक बर्फाचा गोळा सांगतो, ही गंमत नव्हे काय?