नाल्याच्या भिंतीवरचा इतिहास

लॉस एंजेलिस शहरातील एका तरुणीने १९६९ मध्ये कलाशाखेची पदवी घेतली आणि आपली चित्रे उत्साहाने आजीपुढे मांडली. आजीने ती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला : 'हे सारे कशासाठी?' प्रश्नात उपहास नव्हता. मेक्सिकोतून स्थलांतरित झालेल्या त्या कष्टकरी कुटुंबात प्रत्येक वस्तूला काही ना काही उपयोग असे. मग चित्राला तो का नसावा, इतकीच आजीची साधी शंका होती. ही तरुणी म्हणजे ज्युडी बाका. कलादालनात लावलेली चित्रे आपल्या आप्तेष्टांपैकी कोणीच पाहणार नाही, ही जाणीव त्यांना झाली आणि त्या रस्त्यावरच्या भिंतीकडे वळल्या.

भिंत आणि सार्वजनिक जीवन यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवादिकांच्या फरशा बसविण्याची युक्ती मुंबईकरांना चांगलीच ठाऊक आहे. चित्र माणसाच्या वर्तनावर परिणाम करते, हे त्या फरशा बसविणाऱ्याने नेमके ओळखलेले असते. बाकांचा मार्ग मात्र वेगळा होता. भिंतीवर काय काढले आहे याइतकेच ते कोणाच्या हाताने काढले आहे, हेही त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते.

१९७० मध्ये त्या महापालिकेच्या उद्यान व क्रीडा विभागात काम करू लागल्या. नेमणूक होती पूर्व लॉस एंजेलिसमधील बॉईल हाइट्स या वस्तीत. वस्ती गरिबांची, बहुसंख्य मेक्सिकन वंशाची आणि टोळ्यांमध्ये वाटली गेलेली. एका टोळीच्या पोराने दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. ही हद्द कळायची ती भिंतींवर खरडलेल्या नावांवरून. तेव्हा ही मुले भिंतीची भाषा आधीपासूनच बोलत होती! बाकांनी परस्परांशी वैर असलेल्या टोळ्यांतील मुले जमवून एक चमू उभा केला आणि हॉलनबेक उद्यानातील वाद्यवृंदाच्या मंचाच्या भिंतींवर एक चित्र काढून घेतले. विषय निवडला आजीचा. दोन्ही बाहू पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याला कवेत घेणारी भव्य आजी. टोळी कोणतीही असो, आजी प्रत्येकालाच होती.

या यशानंतर १९७४ मध्ये शहरव्यापी भित्तिचित्र योजनेची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्यातून पुढे शेकडो चित्रे उभी राहिली. पण सरकारी पैशाबरोबर सरकारी कातरही येते. काही विषय अधिकाऱ्यांना रुचेनात आणि ते बदलण्याचा आग्रह होऊ लागला. तेव्हा १९७६ मध्ये बाकांनी दोन सहकारी स्त्रियांसह 'स्पार्क' ही स्वतंत्र संस्था काढली. तिचे बिऱ्हाड थाटले गेले ते व्हेनिस भागातील एका जुन्या पोलीस ठाण्यात.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम सुरू झाले. त्याची पार्श्वभूमी अभियांत्रिकीची आहे. १९३८ च्या महापुरात लॉस एंजेलिस परिसरात शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर लष्कराच्या अभियंता दलाने नदी आणि तिचे ओढे काँक्रीटमध्ये बंदिस्त केले. पूर आटोक्यात आला, पण नदीही गेली आणि तिच्या जागी उरला करड्या रंगाचा रुक्ष नाला. सॅन फर्नांडो खोऱ्यातील टुहंगा ओढ्याच्या अशाच एका नाल्याकाठी सुशोभीकरण करायचे होते आणि अभियंता दलाने बाकांना विचारणा केली. त्यांनी भिंत पाहिली आणि तिच्यावर कॅलिफोर्नियाचा इतिहास चितारायचे ठरविले. मात्र तो पाठ्यपुस्तकातला नव्हे, पाठ्यपुस्तकातून वगळला गेलेला.

'लॉस एंजेलिसची महाभिंत' या नावाने हे चित्र ओळखले जाते. लांबी २,७५४ फूट, म्हणजे सुमारे अर्धा मैल. १९७६, ७८, ८०, ८१ आणि ८३ अशा पाच उन्हाळ्यांत ते साकारले. उन्हाळाच का? कारण त्या प्रदेशात पाऊस पडतो हिवाळ्यात आणि तेव्हा नाल्यात उतरणे धोक्याचे असते. चारशेहून अधिक तरुण-तरुणी आणि त्यांची कुटुंबे या कामात सहभागी झाली. त्यांतील अनेकांचे नाव पोलिसांच्या दप्तरी आधीच चढलेले होते. उन्हाळी रोजगार योजनेतून या मुलांना कामाचे वेतन मिळे. हा तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. गरिबाच्या मुलाला 'कलेतून संस्कार' देताना त्याच्या मजुरीचा विचार सहसा कोणी करीत नाही.

कामाची पद्धतही पाहण्याजोगी आहे. आधी इतिहासकारांशी चर्चा होई आणि ज्यांनी त्या घटना भोगल्या अशा वृद्धांच्या आठवणी ऐकल्या जात. त्यावरून लहान आकाराची रेखाटने तयार होत. रेखाटनावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर आखायच्या आणि चौकटीमागून चौकट रेषा उतरवून घ्यायच्या. मग रंग. वरकरणी हे शाळेतल्या नकाशा मोठा करण्यासारखेच काम. पण साडेतेरा फूट उंचीच्या भिंतीवर, तळपत्या काँक्रीटमध्ये, परांचीवर उभे राहून करायचे. शिवाय शेजारच्या चौकटीवर काम करणारा दुसऱ्या वंशाचा, दुसऱ्या वस्तीतला. त्याची रेषा चुकली तर आपलीही चुकते. एरवी एकमेकांकडे न पाहणारी मुले एकमेकांचे काम पाहू लागली ती या तांत्रिक गरजेपोटी.

भिंतीच्या आरंभी प्रागैतिहासिक प्राणी आहेत, चुमाश आदिवासी आहेत. मग स्पॅनिश गलबते येतात. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झालेले चिनी रहिवाशांचे हत्याकांड तेथे आहे. १९३० च्या मंदीत मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यांतील अनेक जण अमेरिकेचे नागरिक असूनही, आगगाडीत घालून हद्दपार केले गेले, ते आहे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन आहेत. एका भागात महामार्ग अजगरासारखे वेटोळे घालून मेक्सिकन कुटुंबांना विलग करतात आणि उठविलेल्या वस्तीवर बेसबॉलचे क्रीडागार अंतराळयानासारखे उतरते. धरणासाठी वा रस्त्यासाठी गाव सोडलेल्या कोणालाही हे दृश्य समजायला अमेरिकेचा इतिहास वाचावा लागणार नाही.

या चित्राने टोळीयुद्धे थांबली काय? नाही. लॉस एंजेलिसमधील टोळ्यांचा हिंसाचार त्यानंतरच्या दशकात उलट वाढला. भित्तिचित्र म्हणजे पोलीस नव्हे आणि कारखानाही नव्हे. त्याच्याकडून रोजगार आणि शांतता दोन्ही मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र ज्या मुलांचे नाव भिंतीवर केवळ खरडले जाई, त्यांनी कोणाच्या तरी आजोबांची कहाणी नीट ऐकून तीच भिंत रंगविली, ही गोष्ट लहान मानता येणार नाही.

उघड्यावरच्या चित्राचे आयुष्य मुळात बेभरवशाचे. मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांनी १९३२ मध्ये याच शहरात काढलेले चित्र राजकीय आशयामुळे पांढऱ्या रंगाखाली गाडले गेले. ते पुन्हा लोकांना पाहता आले २०१२ मध्ये. बाकांचेही दुर्दैव निराळे नव्हते. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी, स्त्रियांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनच्या गौरवार्थ, त्यांनी महामार्गालगत काढलेले चित्र २०१९ मध्ये असेच पुसले गेले. महाभिंत मात्र टिकली. ऊन-पावसाने विटलेले तिचे रंग २०११ पर्यंत पुन्हा उजळविण्यात आले आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत तिची नोंद झाली.

महाभिंतीवरील इतिहास विसाव्या शतकाच्या मध्यापाशी येऊन थांबला होता. तो पुढे नेण्यासाठी २०२१ मध्ये मेलन प्रतिष्ठानाने ५० लाख डॉलर दिले. नवे भाग कापडावर रंगवून नंतर भिंतीवर चढविण्याची योजना आखण्यात आली. २०२३-२४ मध्ये त्यांतील काही भाग बाका व त्यांचे सहकारी शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयातच, प्रेक्षकांसमक्ष रंगवीत होते. तेव्हा बाकांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. लोक तिकीट काढून ते पाहायला येत. त्या कापडाची कायमची जागा मात्र नाल्यातच ठरलेली होती.