गुडघ्याखालची माळ

नेवाशाच्या एका निवृत्त शिक्षकांनी मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पाठवला. फिल्म खिडकीला धरून काढलेला, त्यामुळे हाडांच्या मागे शेजाऱ्यांची पाण्याची टाकीही दिसत होती. खाली मजकूर होता : ‘आईचं वय 74. गुडघे दुखतात म्हणून फोटो काढला. झीज आहे हे कळलं. पण पोटरीत ही पांढरी रेघ कसली? एक जण म्हणतो शीर वाळली आहे, दुसरा म्हणतो एमआरआय करून घ्या. तुम्ही विज्ञानावर लिहिता म्हणून विचारतो.’

विज्ञानावर लिहिणाऱ्याला लोक निम्मा डॉक्टर समजतात. मी पाव डॉक्टरही नाही. म्हणून तो फोटो जसाच्या तसा नगरच्या एका रेडिओलॉजिस्ट मित्राकडे ढकलला. मित्र साठी ओलांडलेला, मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देणारा. या वेळी दोन मिनिटांत उत्तर आलं, तेही दोन शब्दांचं : ‘नारू. मेलेला.’

मग मी फोटो मोठा करून पाहिला. पोटरीच्या मांसात, हाडापासून सुटी, वीतभर लांबीची पांढरी रेघ. सरळ नाही. खाली उतरता उतरता एक गिरकी घेते, पुन्हा वर येते. आणखी मोठं केलं तर ती रेघही नव्हतीच. छोटे छोटे तुकडे होते, मण्यांसारखे, एकामागे एक ओवलेले. दोरा मात्र कुठेच नाही.

पन्नाशीच्या आतल्या वाचकांनी नारू बहुधा फक्त परीक्षेच्या पुस्तकात पाहिला असेल. त्यांच्या आजोळी मात्र तो घरोघर माहीत होता. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाण्याच्या विहिरी, म्हणजे पायविहिरी, हे त्याचं घर. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा सायक्लॉप्स नावाचा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची पिल्लं. तो घोटाबरोबर पोटात गेला की पिल्लं सुटी होऊन अंगात शिरतात. वर्षभर काहीच कळत नाही. मग पायावर फोड येतो, फुटतो आणि आतून पांढऱ्या सुतासारखी मादी डोकावते. ही मादी हातभर किंवा त्याहूनही लांब. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि नेमकी त्याच क्षणी ती हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाणी भरायला विहिरीत उतरलेल्या माणसाकडूनच ती विहिरीची खोट भरून काढते. इतका लबाड हिशेब मी दुसऱ्या कुठल्या जंताचा पाहिलेला नाही.

औषध तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. सूत काडीवर गुंडाळायचं, रोज बोटभर ओढायचं. घाई केली आणि तुटलं तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर.

पण काही नारू बाहेर येतच नाहीत. वाट चुकतात, आतच मरतात. आता शरीरापुढे प्रश्न असा की हे मढं टाकायचं कुठे? पचवता येत नाही, ढकलता येत नाही. शरीर मग त्याला चुन्यात चिणतं. जुन्या वाड्यांच्या भिंतीत माणसं चिणल्याच्या कथा आपण ऐकतो, इथे खरोखरच कॅल्शियमचं बांधकाम होतं. पोटरीचे स्नायू वर्षानुवर्षं आवळत-सैलावत राहतात, त्या ओढाताणीत हा कडक झालेला दोरा जागोजागी मोडतो. म्हणून मणी. हे मणी त्रास देत नाहीत (सांध्याला खेटून असले तर गोष्ट वेगळी) आणि माणूस मरेपर्यंत सोबत करतात.

मेल्यानंतरही करतात. मँचेस्टरच्या संग्रहालयात 1770 क्रमांकाची एक इजिप्शियन ममी आहे, कोवळ्या वयाच्या मुलीची. 1975 साली रोझली डेव्हिड यांच्या चमूने ती उलगडली. तिच्या एक्स-रेत पोटाच्या भिंतीत चुना झालेला नारू दिसला होता. मुलीचं नाव गेलं, गाव गेलं, तिने कुठलं पाणी प्यायलं एवढं तेवढं उरलं.

मँचेस्टरपर्यंत कशाला जायचं? नेवाशाचं नाव काढलं की पैस खांब आणि ज्ञानेश्वरी आठवते, ते रास्तच आहे. पण प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडाची आठवण फारशी कुणी काढत नाही. 1954 ते 56 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीच्या थरात मुलांची दफनं सापडली, मातीच्या रांजणांत ठेवलेली. त्यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजारांहून अधिक वर्षांची माळ, म्हणजे मणी उरले तरी दोरा कधीच कुजायला हवा. पण तांब्याला गंज चढला, तो तंतूंत भिनला आणि मण्यांच्या पोटात दोऱ्याचे अवशेष टिकले. ए. एन. गुलाटी यांनी ते तपासले, तेव्हा सुताबरोबर रेशीमही निघालं.

नारूचा मामला नेमका उलटा. इथे दोराच मणी झाला. पण करामत तीच, नाशवंत धाग्याची जागा खनिजाने धरायची. मला हे जुळवताना इतका आनंद झाला की शिक्षकांना उत्तर पाठवायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

आता ‘शीर वाळली’ म्हणणाऱ्याचं काय चुकलं ते पाहू, कारण तो अगदीच मूर्ख नव्हता. उतारवयात, विशेषतः मधुमेहात, पायाच्या धमन्यांच्या भिंतीत खरोखर कॅल्शियम साठतं. पण धमनी ही नळी. तिच्या दोन्ही भिंती फिल्मवर उमटतात, त्यामुळे दोन समांतर रेघा दिसतात, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. नारूची रेघ एकेरी आणि स्वैर. तिसरा उमेदवार असतो डुकरांमधला फीतकृमी. त्याच्या अळ्या स्नायूंत मरून चुना झाल्या की तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसतात. गंमत अशी की सगळे दाणे स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने तोंड करून असतात, पाभरीने पेरल्यासारखे. तीन रोग, तिन्ही पांढरे, तिन्ही पायात. फरक एवढाच की एकाची चाकोरी, एकाची पेरणी आणि एकाची माळ.

आणि एमआरआय? मित्र फोनवर हसला. ‘एमआरआयमध्ये कॅल्शियम काळं दिसतं, नाही तर दिसतही नाही. हजारो रुपये घालवून हातातलं निदान हरवायचं असेल तर खुशाल करा.’ महागडं यंत्र म्हणजे अधिक दिसणार, हा आपला भ्रम फार जुना आहे. साधी फिल्म जिथे जिंकते अशी थोडी ठिकाणं उरली आहेत, त्यांतलं हे एक.

मी विचारलं, दोन मिनिटांत ओळखलंस कसं? त्याने एक किस्सा सांगितला. रेडिओलॉजिस्टांच्या जगात ‘आंट मिनी’ नावाची बाई प्रसिद्ध आहे. एडवर्ड न्यूहाउझर यांनी हा शब्द काढला आणि सिनसिनाटीच्या बेन फेल्सन यांनी तो जगभर केला. सांगायचं असं की मिनी मावशीला तुम्ही नाकाची लांबी मोजून ओळखत नाही, ती दारात आली की ती मिनी मावशीच असते. काही रोग फिल्मवर असेच येतात. मोहिनीराजाच्या यात्रेतल्या गर्दीत पाठमोरी आत्या केवळ लुगड्याच्या ओच्यावरून आणि चालीवरून ओळखावी, तसे.

‘पण,’ तो म्हणाला, ‘आत्या आधी भेटलेली असावी लागते.’

त्याने शिकताना असे दोन-तीन पाय पाहिले होते. त्याच्या हाताखालच्या मुलांनी एकही नाही. कारण भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. 1984 च्या सुमाराला सात राज्यांत मिळून जवळजवळ 40 हजार रुग्ण होते, त्यांत महाराष्ट्रही होता. लस नाही, गोळी नाही, तरी रोग हटला. पायविहिरी बंद करून पोहऱ्याच्या केल्या, पाण्यात टेमेफॉस टाकलं आणि पाणी कापडाने गाळून प्यायला शिकवलं. जगात 1986 मध्ये अंदाजे 35 लाख लोकांना नारू होता, 2024 मध्ये 15 जणांना. म्हणजे जो रोग आजीच्या लहानपणी पडशासारखा परिचयाचा होता, तो नातवाच्या हयातीत दुर्मीळ झाला. रोग तोच, पाय तोच, पाहणारे डोळे बदलले.

सध्या एक्स-रे वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांना पूर आला आहे. क्षयाच्या बाबतीत ते कौतुक बरंचसं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांच्या क्षय-चाचणीसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. पण त्या यंत्राला छातीचे लाखो फोटो दाखवता आले. मेलेल्या नारूचे लाखो फोटो आणायचे कुठून? जे होते ते तालुक्याच्या दवाखान्यांत पावसाळ्यात एकमेकांना चिकटून गेले. जिला यंत्रही भेटलं नाही आणि नवा डॉक्टरही भेटला नाही, ती मावशी दारात उभी राहिली तरी तिला पाणी विचारणार कोण?

विषय निघालाच आहे तर एका विसरलेल्या माणसाचा हिशेब चुकता करतो. नारू सायक्लॉप्समधून पसरतो हे 1870 मध्ये रशियाच्या फेडचेंकोने तुर्किस्तानात पाहिलं. तो तरुणपणीच आल्प्समध्ये गारठून मेला, म्हणून त्याच्या कहाणीला रंग चढला. मग स्कॉटिश लायपरने माकडावर प्रयोग केला. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पण माणसालाही तो याच वाटेने होतो, हे दाखवलं मुंबईत परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये. डॉ. डी. ए. तुरखुड यांनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर स्वयंसेवकांना नारूची पिल्लं असलेले सायक्लॉप्स पाजले आणि नारू झाला. आजची नीतिमत्ता समिती हा प्रस्ताव वाचूनच आडवी होईल. पण विहिरी बदलण्याचा पुढचा सगळा खटाटोप ज्या पुराव्यावर उभा राहिला, त्यात परळचा हा घोट आहे आणि तो तळटीपेत पडून आहे. फेडचेंकोसारखा बर्फात मेला असता तर तुरखुडांनाही एखादा परिच्छेद मिळाला असता.

मित्राने निदानाला एक पुस्ती जोडली होती : ‘आजींना विचार, लहानपणी कुठलं पाणी प्यायच्या.’ त्याच्या मते हा प्रश्न म्हणजे एक्स-रेचाच भाग, दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो.

शिक्षकांना मी सगळं कळवलं. काळजी नाही, काही काढायचं नाही, आणि एवढं विचारा. संध्याकाळी त्यांनी फोन लावून आईच्याच हातात दिला.

‘नारू होय?’ आजी म्हणाल्या. ‘मग तसं सांगा ना. माझ्या माहेराला बारव होती. मुळेच्या कालव्याचं पाणी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. भावंडांना सगळ्यांना झाला. माझ्या उजव्या पायाचा निघाला, बारा दिवस आईनं काडीवर गुंडाळला. मला शाळेतपण काडी बांधून पाठवायची.’

आणि डाव्या पायाचा?

‘डाव्याला फोड आला अन् बसून गेला. आई म्हणायची, आत गेला, आता तुझ्याबरोबरच जाईल.’ मग मुलाकडे वळून त्या काहीतरी म्हणाल्या. फिल्म हाताळल्याचा खडखडाट ऐकू आला. बहुधा खिडकीशी गेल्या असाव्यात. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

‘एवढाच राहिला होय?’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं, लई मोठा असेल.’