किल्ली मुलाच्या हाती, विमा बापाच्या नावे

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की आपल्याकडे घरात फटफटी येते. रिसोडला पाहा, मानोऱ्याला पाहा, हेच चित्र. आणि ती चालवतो कोण? बापापेक्षा अकरावीतले चिरंजीवच अधिक! गुरुजी, तुमच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाड्या एकदा मोजून पाहा.

"विमा उतरवलाय ना, मग काळजी कशाची?" असं बाप म्हणतो. काळजी आहे ती इथंच.

आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई विमा कंपनीनं द्यायची, हा तिऱ्हाइताचा विमा. कायद्यानं तो सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं, इंजिनाचा आकार पाहून. २०२२ सालच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये होते. गाडी साठीचे आजोबा चालवोत की विशीतला नातू, रक्कम तीच. अमेरिकेत तसं नाही. तिथं कंपनी आधी विचारते, घरात चालवणारा कोण? पोरसवदा चालक असला की हप्ता चढतो, आणि तो दारू पिऊन सापडला तर पुढची काही वर्षं चढाच राहतो. आपल्याकडे हप्ता चढत नाही, म्हणून लोकांना वाटतं, आपलं काही जात नाही.

जातं, बरं का, आणि पुष्कळ जातं. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात दोन अटी असतात. चालकाजवळ परवाना हवा, आणि तो नशेत नसावा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य निघालं की कायद्यानं तो गुन्हा. गिअरच्या गाडीचा परवाना तर अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय मिळतच नाही. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा पिऊन निघाला, तर दोन्ही अटी एकदमच मोडल्या. मग आपल्या मोडक्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारते.

आणि ज्याला धडक बसली त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात याची वाट दाखवली. मालकानेच हयगय करून बिनपरवान्याच्या हाती गाडी दिली, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. तसं सिद्ध झालं, तरी जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असं न्यायाधिकरण सांगू शकतं. वसुली कशी? तसा दाखला कलेक्टरकडे जातो, आणि थकलेल्या शेतसाऱ्यासारखी रक्कम वसूल होते. शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ समजावून सांगायला नको. ७१४ रुपयांत जे ओझं कंपनीच्या खांद्यावर टाकलं होतं, ते परत आपल्या वावरावर येऊन बसतं.

पुण्याची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलगा दारूच्या नशेत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि लोकांच्या ध्यानात राहिला तो निबंधच. त्याच्या बापाला अटक झाली, हे मात्र गावोगावच्या बापांनी ध्यानात ठेवायला हवं होतं.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यात पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. "किल्ली खुंटीला होती, पोरगा न विचारता घेऊन गेला," असं म्हणून सहजी सुटता येत नाही. तुमची संमती होती असंच कोर्ट गृहीत धरतं. नव्हती, हे सिद्ध करणं तुमच्याकडे.

अठरा पुरी झाली की शिकाऊ परवाना काढता येतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवावी, आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला.